गाठ शाबूत, सुकाणू गायब

१

दोन वल्ही. एक शीड, गुंडाळलेलं. चार लाइफ जॅकेटं, त्यातलं एक तेजसने उशाला घेतल्यामुळे चपटं झालेलं. नांगर आणि त्याचा दोर. पितळी पेटीतलं होकायंत्र. पाण्याचे दोन कॅन, एक भरलेला, एक अर्धा. होडीत शिरलेलं पाणी उपसायचं डबडं. वेलची केळ्यांचा घड, वरच्या दोन फण्या संपलेल्या. सुकेळ्यांची एक पुडी. केकचा डबा, रिकामा.

रेवाने होडीभोवती एक फेरी मारून हे सगळं मोजलं. मग उलट्या बाजूने फेरी मारून पुन्हा मोजलं. एकदाच मोजलेल्या आकड्यावर तिचा कधी विश्वास बसत नसे. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करताना लागलेली ही सवय रंगांच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीत आणखी पक्की झाली होती. दोन्ही फेऱ्यांचं उत्तर एकच आलं. काल संध्याकाळी होडीत होतं ते सगळं जागेवर होतं. फक्त सुकाणू नव्हतं.

सुकाणू म्हणजे होडीच्या मागे लावायची आणि होडीला वळवणारी फळी. या होडीचं सुकाणू सागवानाचं, हातभर लांब. खाली रुंद पातं, वर निमुळती मान, मानेवर किंचित जाड डोकं आणि कडेला होडीत अडकवायचे दोन आकडे. किनाऱ्याला लागलं की ते काढून ठेवायचं, नाहीतर ओहोटीला होडी वाळूवर बसताना मोडतं. काल दुपारी ते काढून तेजसने होडीच्या बाहेरच्या अंगाला एका खुंटीला बांधलं होतं.

खुंटी तिथेच होती. खुंटीला बांधलेली केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सुकवलेल्या सालीची, दोरी तिथेच होती. दोरीचा तिहेरी वेढा होता आणि वेढ्यावर मारलेली गाठही होती. रेवाने ती दोरी बोटांनी चाचपली. ओली, घट्ट. कुठे कापलेली नाही. गाठ सुटून पुन्हा मारलेली नाही, कारण तिची दोन्ही टोकं तेजसने काल दातांनी तोडली होती तश्शीच आखूड होती. तेवढ्या टोकांनी नवी गाठ बसलीच नसती.

ती गुडघ्यावर बसली आणि वेढ्यातून आरपार पाहिलं. जिथे सुकाणूची मान असायला हवी होती, तिथून पलीकडचा समुद्र दिसत होता.

२

"चोरी!" तेजस म्हणाला.

"सुकाणू कोण चोरतं रे?" एस्थर म्हणाली. "शेजारी पितळी होकायंत्र पडलंय. चोर आला, होकायंत्र बघितलं, आणि म्हणाला, नको बाबा, मी आपली फळी घेतो?"

गॉडफ्रे वाळूत मांडी घालून बसला होता आणि होडीकडे एकटक बघत होता.

होडीचं नाव क्लारा. गॉडफ्रेच्या रुडॉल्फ अंकलने तीस वर्षं मोठमोठ्या जहाजांवर काढली आणि रिटायर झाल्यावर नंदाखालच्या घरामागच्या शेडमध्ये ही शिडाची होडी स्वतःच्या हातांनी बांधली. आता त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. तेवढ्यात एका रिसॉर्टवाल्याला क्लारा आवडली. तो तिला हिरवळीवर ठेवून तिच्यात झेंडू लावणार होता.

"झेंडू!" हे ऐकल्यावर गॉडफ्रे जेवणावरून उठला होता.

मग अंकलने अट घातली. शनिवारी निघायचं, अर्नाळ्याच्या बेटाला फक्त शिडावर पूर्ण फेरी मारायची आणि रविवारी सूर्य बुडायच्या आत समोरच्या किनाऱ्यावर परत यायचं. कुणाच्या लाँचला दोर बांधायचा नाही. जमलं तर क्लारा गॉडफ्रेची. नाही जमलं तर सोमवारी टेम्पो येणार.

चौघं निघाले. होडीवर जीव असलेला गॉडफ्रे, अंकलची मुलगी एस्थर, आगाशीच्या केळीच्या बागेतला तेजस आणि एव्हरशाईन सिटीच्या सातव्या मजल्यावरून समुद्र नुसता अंदाजाने ओळखणारी रेवा. शनिवारी वारा पडला, तेजसला उलट्या झाल्या, म्हणून त्यांनी बेटाच्या पूर्वेच्या शांत बाजूला नांगर टाकला, वाळूवर तंबू ठोकला आणि हसत-खिदळत झोपले. आज रविवार.

"वल्ह्याने नाही का वळवता येणार?" रेवाने विचारलं.

"इथे येईल," गॉडफ्रे म्हणाला. "पण पश्चिमेला खडक आहेत. दुपारचा वारा थेट त्यांच्यावर ढकलतो. तिथे वल्ह्याच्या भरवशावर मी तुम्हाला नेणार नाही. झेंडू परवडले."

"गाठ माझी आहे," तेजस छातीवर हात ठेवून म्हणाला. "आमच्या पानमळ्यात पणजोबांपासून हीच गाठ. वेली वाऱ्यावादळात हलत नाहीत. ही गाठ आपोआप सुटणं शक्य नाही."

"सुटलेली नाहीच," रेवा म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

तिने सोपटाचा वेढा गाठ न सोडता खुंटीवरून जपून काढला. एक वल्हं वाळूत उभं रोवलं. "गॉडफ्रे, सुकाणूची मान केवढी जाड?"

"वल्ह्याच्या मुठीएवढी. अंकलने दोन्ही एकाच मापाने तासली."

मुठीखाली निळ्या रंगाचा पट्टा होता. रेवाने वेढा जोर लावून त्या पट्ट्यापर्यंत खाली ढकलला. तो तिथे आवळून बसला. मुठीएवढ्या मानेवर असा बसणारा वेढा जाड डोक्यावरून निघणं अशक्यच.

"मग काढलं कसं?" एस्थरने विचारलं.

"ते शेवटी. आधी सांगा, क्लारा अडकून पडावी असं कुणाला वाटतं?"

तेजस अचानक केळं सोलायला लागला.

३

"कबूल," केळं संपवून तेजस म्हणाला. "काल तिसऱ्यांदा ओकलो तेव्हा मी ग्रामदेवतेला म्हटलं, मला लाँचने घरी ने, पाच नारळ देईन. पण मी सुकाणू लपवलं असतं तर गाठ शाबूत ठेवून स्वतःच कोड्यात कशाला पडलो असतो?"

"बांधलं कसं ते नीट सांग," रेवा म्हणाली.

"गॉडफ्रेने सगळा दोर नांगराला लावला. मला दोरी उरली नाही. घड बांधून आणला होता ते सोपट काढलं, पाण्यात भिजवलं, चांगलं नरम केलं आणि आवळलं."

"भिजवायचं कशाला?"

"अगं, कोरडं सोपट वळवलं की तडकतं. एवढंही कॉलेजात शिकवत नाहीत?"

एस्थरची पाळी आली तेव्हा ती हात बांधून उभी राहिली. ती माणिकपूरला दुसऱ्याच्या बेकरीत केक करायची आणि घरामागची शेड रिकामी झाली तर तिथे स्वतःची भट्टी लावणार होती. हे चौघांनाही ठाऊक होतं. शेड रिकामी कधी होईल, तर क्लारा तिथून हलेल तेव्हा.

"मोटिव्ह आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "पण गॉडफ्रेने होडी जिंकली तरी तो ती अर्नाळ्याच्या बंदरात ठेवणार आहे. शेड मला दोन्हीकडून मिळते. आणखी काही, इन्स्पेक्टरबाई?"

"अंधार पडल्यावर तू एकटी होडीकडे गेलीस?"

"नाही."

ती नाही म्हणाली खरी, पण त्याआधी तिने एकदा रिकाम्या केकच्या डब्याकडे पाहिलं.

गावातल्या कुणी काही पाहिलं असेल म्हणून रेवा किनाऱ्याने उत्तरेकडे निघाली. बेटाच्या टोकाला, जिथे मच्छीमारांच्या होड्या लागतात, तिथे प्रेमलता मावशी मासे कापत बसली होती. काल तिच्याकडूनच त्यांनी बोंबील घेतले होते.

"सुकानू? नाय बाय," मावशी म्हणाली. तिचा कोयता थांबला नाही. "पन मानूस बघितला मी. संध्याकाळच्या लाँचीने आला. लाल टोपी, लंगडत चालायचा. तुमच्या तंबूकडेच तोंड करून उभा होता कितीतरी वेळ."

"लंगडत?"

"गुडघे गेलेले असतात तसं. आता सरक जरा, खवले उडतील. नवीन फळी हाय, बघ कशी रुतून बसते वाळूत, हलत नाय. जुनी सारखी घसरायची."

रेवाने मान हलवली, पण तिचं लक्ष फळीकडे नव्हतं. लाल टोपी आणि गेलेले गुडघे असलेला माणूस या साऱ्या किनाऱ्यावर तिला एकच माहीत होता.

४

गॉडफ्रेने फोन स्पीकरवर टाकला.

"अंकल, तुम्ही कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? नंदाखालला, घरी. चर्चमध्ये मिस्साला निघतोय. का रे, हरलास?"

"अजून नाही. काल संध्याकाळी कुठे होता?"

"घरीच. टीव्ही बघत."

त्याच क्षणी बेटावरच्या देवळातली घंटा वाजली. रेवाला ती दोनदा ऐकू आली, एकदा उघड्या कानाने आणि एकदा फोनमधून.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाळू उडवत पळत सुटले. किल्ल्याच्या तटाला वळसा घातला तर पायथ्याशी, भेंडीच्या मोठ्या झाडाच्या सावलीत, लाल टोपी घातलेला रुडॉल्फ अंकल खुर्चीवर बसला होता. एका हातात फोन, दुसऱ्यात दुर्बीण आणि मांडीवर कुणाच्या तरी घरची भाकरी.

"पप्पा!" एस्थर ओरडली. "मिस्सा इकडे आहे का?"

अंकलने भाकरी आधी वाचवली. मग म्हणाला, "बसा. ओरडू नका, लोक बघतायत. माझा जुना दोस्त राहतो इथे, त्याच्याकडे झोपलो. तुम्ही नांगर नीट टाकता का, तेवढंच बघायला आलो होतो. बांधली ती होडी मी, आणि आत बसलात तुम्ही चौघं. घरी झोप लागली असती का मला?"

"सुकाणू तुम्ही घेतलं?" गॉडफ्रेने विचारलं.

"सुकाणू गेलं?" अंकल उभा राहिला. गुडघा कुरकुरला तरी उभाच राहिला. "अरे देवा! मी कशाला घेईन? मला काय झेंडूची हौस आहे? तुला जमेल की नाही एवढंच पाहायचं होतं. न जमणाऱ्याच्या हाती होडी दिली तर एक दिवस होडी राहील आणि पोरगा जाईल."

रेवाने विचारलं, "अंकल, तुम्ही दुर्बिणीतून पाहत होता. होडीजवळ कोण गेलं?"

"अंधार पडेपर्यंत कोणी नाही. मग एकदा ही," त्याने मुलीकडे बोट केलं, "फोनचा उजेड पाडत गेली, डबा उघडून उभ्या उभ्या काहीतरी खाल्लं आणि परत आली. सुकाणूच्या बाजूला गेलीच नाही."

"शेवटचा केक तू खाल्लास?" तेजस हतबुद्ध होऊन म्हणाला.

"मी केला होता," एस्थर म्हणाली.

एक गुन्हा उलगडला होता, पण दुसऱ्याचा एकही संशयित उरला नव्हता. ऊन चढत चाललं होतं. गॉडफ्रे खाली मान घालून परत निघाला आणि त्याच्या मागोमाग बाकीचे. अंकलही लंगडत आला. सगळे होडीजवळ पोचले, आणि रेवा थबकली.

वाळूत रोवलेलं वल्हं तिथेच होतं. पण निळ्या पट्ट्यावर आवळून बसवलेला वेढा तिथे नव्हता. तो वल्ह्याच्या पार बुडाशी, वाळूवर येऊन पडला होता.

५

"कोणी हात लावला?"

"आम्ही सगळे तुझ्याबरोबरच होतो," तेजस म्हणाला.

रेवाने वेढा वर उचलला. तो वल्ह्यावरून अडथळ्याशिवाय वर सरकला, जाड मुठीवरून सहज निघाला आणि तिच्या हातात आला. गाठ होती तश्शी होती. सकाळी ओलं आणि लुसलुशीत असलेलं सोपट आता उन्हावाऱ्याने वाळून कागदासारखं पातळ झालं होतं.

ती मोठ्याने हसली. एकटीच, बराच वेळ. मग तिने वेढा समुद्राच्या पाण्यात बुडवून तिथेच वाट पाहिली. सोपट फुगल्यावर तो पुन्हा वल्ह्यावर चढवला. आता तो मुठीवरच अडला.

"सकाळपासून मी एकच प्रश्न विचारत होते," ती म्हणाली, "गाठ कोणी सोडली? गाठ कोणीच सोडली नाही. वेढा मोठा झाला. ओलं सोपट जाड असतं, म्हणून आतली जागा लहान. वाळलं की ते चपटतं आणि आतली जागा वाढते. तेजसने दुपारी ते ओलं करून आवळलं. संध्याकाळपर्यंत ते वाऱ्यावर वाळलं. रात्री भरतीने होडी उचलली, हेलकावली, आणि सुकाणू डोक्यासकट वेढ्यातून अलगद निसटलं. मग लाटांनी आणि दवाने सोपट पुन्हा भिजलं. सकाळी आपल्याला घट्ट वेढा मिळाला आणि आपण चोर शोधायला निघालो."

तेजसचं तोंड उघडंच राहिलं. "पण आमच्या पानमळ्यात पणजोबांपासून..."

"तुमच्या मळ्यात काय बांधता?"

"वेल."

"बांधल्यावर वेलीचं काय होतं?"

तेजसने कपाळावर हात मारला. "जाडावते. सोपट सैल पडतं तेवढी वेल जाडावते. म्हणूनच तर भिजवून बांधायचं, वेलीला फास बसू नये म्हणून. आजोबा हेच सांगायचे!"

"सुकाणू जाडावत नाही," गॉडफ्रे म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच हसला, पण ते हसू टिकलं नाही. "म्हणजे ते समुद्रात गेलं. मग संपलंच की."

६

"भरती कधी लागते?" रेवाने विचारलं.

"आता लागतेय," अंकल म्हणाला. पाणी होडीच्या बुडाला हळूहळू चाटायला लागलं होतं.

"रात्रीही होडी भरतीनेच उचलली. म्हणजे पाणी तेव्हाही असंच, याच दिशेने चाललं असणार. आकडे लावलेलं सागवान पाण्यात जेमतेम तरंगतं. त्याला वारा ढकलत नाही, प्रवाह नेतो. तसंच जेमतेम तरंगणारं काहीतरी मला हवंय."

सगळ्यांच्या नजरा केळ्यांच्या घडाकडे वळल्या.

"ए, नाही हां!" तेजस म्हणाला. पण एस्थरने फण्या तोडायला सुरुवातही केली होती. उरलेला जाड, रसदार दांडा पाण्यात ओळखू यावा म्हणून गॉडफ्रेने त्याला तेजसचा लाल रुमाल बांधला. क्लारा पाण्यावर डुलायला लागली तेव्हा रेवाने खुंटीच्या बरोबर खाली तो दांडा पाण्यात सोडला.

दांडा जरासा घुटमळला. मग उत्तरेकडे चालू लागला. किनाऱ्यावरून त्याच्याबरोबर चौघं चालू लागले, त्यांच्या मागे लंगडत अंकल, त्याच्या मागे गावातली तीन कुत्री. खेळात पोरं जशी ओरडतात तशी एस्थर ओरडत होती, "चल रे राजा! सरळ, सरळ! अरे, तिकडे नको!" दांडा एका होडीच्या दोराला अडकला, सुटला, बेटाच्या टोकाशी पोचला. तिथे पाणी गोल फिरत होतं. त्याने दोन गिरक्या घेतल्या आणि वाळूला लागला.

समोर चार हातांवर प्रेमलता मावशी मासे कापत बसली होती.

रेवा मावशीकडे बघत राहिली. मग मावशीच्या मांडीपुढच्या फळीकडे. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती, निमुळत्या टोकावर जाडसर डोकं. वाळूत रुतून बसणारी. अजिबात न हलणारी.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "ही नवी फळी खालून कशी आहे हो?"

"खालनं? दोन आकडे हायत लोखंडाचे. म्हनून तर रुतते." मावशीने मासा बाजूला ठेवला. तिची नजर पाच चेहऱ्यांवरून फिरली आणि तिला सगळं उमगलं. "अगो बाय! हे सुकानू? पहाटे पानी उतरलं तवा इथंच पडलेलं. आमच्यात समुद्राने दिलं ते ज्याला गावलं त्याचं."

"अगदी बरोबर," अंकल पुढे होऊन म्हणाला. "समुद्राचा कायदा. मीही पाळला तीस वर्षं. मग तुम्हाला याच्या बदल्यात काय द्यायचं?"

मावशीने विचार केला. "हिच्यासारखी दुसरी. आकड्यांसकट. घसरनारी नको."

"पुढच्या रविवारी घेऊन येतो."

"आनि ती केळी," मावशी म्हणाली. तेजसने दोन्ही हातांत धरलेल्या फण्यांकडे ती बघत होती.

तेजसने एकवार आभाळाकडे पाहिलं आणि केळी तिच्या स्वाधीन केली.

७

सुकाणूवरचे खवले कितीही धुतले तरी गेले नाहीत. गॉडफ्रेने ते तसंच आकड्यांवर बसवलं. अंकल लाँचने समोरच्या किनाऱ्यावर गेला. जाताना त्याने ना सल्ला दिला, ना शुभेच्छा.

शीड फुगलं. उत्तरेचं टोक गेलं, मग वारा बदलला आणि क्लारा एका अंगावर झुकून पश्चिमेच्या खडकांकडे निघाली. तेजसने पोटावर हात ठेवला. मग विसरून गेला, कारण गॉडफ्रे ओरडत होता, "सगळे उजवीकडे! आता डावीकडे! रेवा, डोकं खाली!" शिडाचा आडवा बांबू तिच्या केसांवरून सुसाटत गेला. खारं पाणी तोंडावर आलं. खडक इतके जवळ होते की त्यांवरच्या कालवांचे शिंपले दिसत होते. गॉडफ्रेने सुकाणू दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरलं, क्लारा थरथरली, मान फिरवल्यासारखी वळली आणि खडक मागे पडले. एस्थर इतक्या जोरात किंचाळली की तटावरचे बगळे उडाले.

दक्षिणेच्या टोकापाशी वारा मंदावला. शीड लोंबलं. अर्धा तास ते नुसते तरंगले. सूर्य उतरत होता. वल्ही हाताशी होती, पण एकानेही त्यांना हात लावला नाही. तेजस गाणी म्हणायला लागला. त्याला एकाही गाण्याचं दुसरं कडवं येत नव्हतं. मग शिडाच्या कडेला एक सुरकुती हलली, दुसरी हलली आणि क्लारा पुन्हा चालू लागली.

किनाऱ्यावर लाल टोपी दिसली. वाळू होडीच्या बुडाला घासली. गॉडफ्रे कमरेइतक्या पाण्यात उडी मारून होडीचा दोर घेऊन वर आला आणि अंकलसमोर उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

रुडॉल्फ अंकल त्याच्याकडे न बघता पश्चिमेकडे वळला. त्याने उजवा हात पूर्ण लांब केला, बोटं आडवी धरली आणि एक डोळा मिटून पाणी आणि सूर्य यांच्यामधली जागा मोजली, एका बोटाला पाव तास.

तीन बोटं.